मारबत हेवा घेऊन जाते का? समता, नजर आणि पेढ्यांचा डबा

जागनाथची_सून (धागालेखक)

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या भागातून पिवळी मारबत निघाली, म्हणजे इडा-पिडा घालवायला मिरवत नेऊन जाळायचा बाईचा मोठा पुतळा. लग्न होऊन नागपुरात आले त्याला २२ वर्षं झाली, एकदाही चुकवलेली नाही. यंदा मात्र "इडा, पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत" म्हणताना आवाज निघेना.

मुलीचा मेडिकलला नंबर लागला. सासूबाई म्हणाल्या, "मारबत जाऊ दे, मग पेढे वाट. तोवर कोणाला सांगू नको." खालच्या मजल्यावर मोठी जाऊ राहते. तिच्या मुलाने दोनदा परीक्षा दिली, दोन्ही वेळा थोडक्यात हुकलं. सासूबाईंनी तिचं नाव घेतलं नाही, पण "नजर" हा शब्द तीन वेळा आला. आम्ही नऊ दिवस गप्प बसलो. जाऊबाईला बातमी किराणा दुकानात कळली.

समाजशास्त्रात एम. ए. करून मला बरीच वर्षं झाली, तरी एक लेख विसरले नाही. आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटातल्या शिकाऱ्यांमध्ये मोठं जनावर मारून आणणाऱ्याला "हे काय हाडकुळं आणलंस" म्हणतात, तो माजू नये म्हणून. त्यांच्यात ना राजा ना सावकार, सगळे बरोबरीचे. आम्हीही आनंद झाकला, म्हणजे बरोबरीच राखली का? माणसं एका पातळीवर राहतात ती शेजाऱ्याच्या हेव्याला भिऊन राहतात का? तसं असेल तर हेवा हा समतेचा राखणदार म्हणायचा. मला हे पटत नाही आणि खोडताही येत नाही. तुमचे अनुभव सांगा.

तर्रीपोहे

पयले पोरीचं अभिनंदन! पेढे कायले लपवता बाप्पा, आमाले द्या. आमची नजर लागत नाई, भूक लागते.

शेकोटी

अभिनंदन. मी मानवशास्त्र शिकवतो, म्हणून जरा लांब लिहितो.

तुम्हाला आठवतोय तो रिचर्ड ली यांचा १९६९ चा लेख. ज्यांना पूर्वी कुंग म्हणत त्या जुह्वांसी लोकांसाठी ली यांनी नाताळाला एक मोठा धष्टपुष्ट बैल विकत घेतला. जो तो येऊन सांगू लागला की हा म्हातारा हाडांचा सापळा आहे, यात आमचं काय होणार. ली बेचैन झाले. प्रत्यक्षात कापल्यावर चरबीच चरबी, आणि दोन दिवस दोन रात्री लोक खात-नाचत होते. मग एका वडीलधाऱ्याने उलगडा केला. तरुण माणूस भरपूर मांस आणू लागला की स्वतःला मुखिया आणि बाकीच्यांना चाकर समजू लागतो, उद्या तो कोणाचा जीवही घेईल. म्हणून त्याचं मांस कुचकामी ठरवायचं. त्याने त्याचं डोकं थंड राहतं.

आता तुमच्या घरातला फरक बघा. तिथे मांस लपवत नाहीत. ते सगळ्यांसमोर येतं, त्याला नावं ठेवली जातात आणि मग प्रत्येक चुलीवर पोचतं. बोचरं बोलणं आणि वाटा, दोन्ही एकत्र येतात. तुमच्याकडे वाटाही नव्हता आणि बोलणंही नव्हतं, नुसतं मौन होतं.

दुसरी गोष्ट बाणाची. त्यांच्यात शिकारीचा धनी तो, ज्याचा बाण जनावराला आधी लागला. बाण कोणाचा? मारणाऱ्याचाच असेल असं नाही. बाण एकमेकांना दिले-घेतले जातात. भात्यात पाच जणांचे बाण असतात आणि बाणाची मालकीण एखादी बाईही असू शकते. नेम धरला एकाने, वाटायचा मान दुसऱ्याचा. म्हातारा, अधू, नशीब रुसलेला शिकारी, कोणीही मांस वाटणारा होऊ शकतो. हेवा उगवायच्या आधीच त्याच्या मुळाशी घातलेला हा बांध आहे. मला तर ही युक्ती त्या टोमण्यांपेक्षाही मोठी वाटते.

क्रिस्टोफर बोहम यांनी १९९९ च्या पुस्तकात हेच ताणून मांडलं. भटक्या शिकारी टोळ्यांत वर चढू पाहणाऱ्याला बाकीचे मिळून खाली ठेवतात. आधी कुजबुज, मग टिंगल, मग त्याचं न ऐकणं, मग बाहेर काढणं, आणि अगदी शेवटी जिवे मारणं. त्यामुळे राखणदार कोण, यावर माझं उत्तर असं की तिथे धाक हेव्याचा नाही. धाक आहे तो कोणीतरी मालक होऊन बसेल याचा.

जागनाथची_सून

@शेकोटी, बाणाचं मी पार विसरले होते. मुलगी ज्या वह्यांवरून शिकली त्या बहुतेक जाऊबाईच्या मुलाच्या आहेत. त्याने स्वतः बसून तिला भौतिकशास्त्र समजावलंय. आता हे डोक्यातून जात नाही.

जुनी_झडती

आमचं गाव काटोलकडचं. मारबत ही शहरातली, आमच्याकडे पोळ्याच्या तोरणाखाली झडत्या, म्हणजे बोचऱ्या तुकबंद्या, होतात. बैल रांगेत उभे, वर आंब्याच्या पानांचं तोरण, आणि एकेक जण पुढे येऊन झडती म्हणतो. शेवट ठरलेला, "एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव," आणि सगळा गाव ओरडतो.

झडतीत कोणालाही धरता येतं. सावकार, पाटील, सोसायटीचा सचिव, कापसाच्या काट्यात मारणारा व्यापारी. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. आमच्या सालगड्याने आमच्याच आजोबांवर झडती म्हटली. ठरलेल्या ज्वारीपैकी काही ज्वारी आजोबांनी पावसाचं कारण सांगून ठेवून घेतली होती. ओळी मला आठवत नाहीत, आजोबांचा चेहरा आठवतो. बैलाच्या शिंगावर हात ठेवून खाली बघत उभे राहिले. अख्खा गाव हसला आणि त्यांनी एक शब्द उलटून काढला नाही, कारण त्या दिवशी उलटून बोलायचं नसतं. दुसऱ्या दिवशी राहिलेली ज्वारी त्याच्या घरी पोचती झाली.

आजी रात्री म्हणाली होती, "बरं झालं. तोंडावर बोलला, मनात ठेवलं असतं तर खाल्लेलं अंगी लागलं नसतं." माझ्या मते सणाचं काम हेच. मनात सडणाऱ्या गोष्टीला वर्षातून एकदा तोंड देणं.

निळी_पहाट

@जुनी_झडती, प्रसंग मनापासून लिहिलात. पण विचारते. पुढच्या पोळ्याला तोरण तोडायचा मान कोणाच्या बैलाला मिळाला? पाटलाच्याच ना? आणि सालगडी पुढच्या वर्षीही सालगडीच होता ना?

मला या धाग्यातल्या "हेवा" शब्दाचीच अडचण आहे. हेवा कोणाला चिकटवला जातो ते बघा. ज्याच्याकडे कमी आहे त्याला. वांझ म्हणून हिणवलेली बाई, विधवा, गरीब शेजारीण, गावकुसाबाहेरचा माणूस, यांची नजर लागते. कलेक्टरच्या नजरेने कोणाचं मूल आजारी पडल्याचं ऐकलंय का? इव्हान्स-प्रिचर्ड यांनी १९३७ मध्ये आफ्रिकेतल्या अझांदे लोकांबद्दल हेच नोंदवलं. चेटकाचा आरोप शेजाऱ्यापाजाऱ्यांवर व्हायचा, राजघराण्यातल्या सरदारांवर सामान्य माणूस तो करत नसे. आरोपाला खाली वाहायची सवय असते.

आपल्याकडे हे पुस्तकी नाही. विदर्भातल्या किती गावांत "हिने करणी केली" म्हणून म्हाताऱ्यांना मारहाण झाली आहे. त्यासाठी २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, आणि तोही डॉ. दाभोलकरांचा खून झाल्यावर.

शिवाय ज्यांनी बरोबरी मागितली त्यांना "तुम्हाला आमचं बघवत नाही" हे कायम ऐकवलं गेलं. १९२७ मध्ये महाडच्या तळ्याचं पाणी पिणाऱ्यांना कोणाचा हेवा वाटत होता? पाणी सार्वजनिक होतं, हक्काचं होतं. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं. प्रत्येक पायरीला वरच्याबद्दल आदर, खालच्याबद्दल तुच्छता. अशा जिन्यावर प्रत्येकजण खालच्याच्या डोळ्याला भितो. त्या भीतीला समता म्हणायला मी तयार नाही.

लिंबू_मिरची

सहमत, पण आई मुलाला तीट लावते तेव्हा तिच्या मनात एवढं काही नसतं हो. आमच्याकडे आजही मीठ-मोहरी ओवाळून विस्तवात टाकतात. तडतडलं की पोट्टं हसते आणि सगळ्यांना बरं वाटते.

निळी_पहाट

@लिंबू_मिरची, माझ्या आईनेही तीट लावली आहे. तिटेवर माझा राग नाही. "कोणाची लागली असेल बरं" म्हणून जी नावं नंतर घेतली जातात त्यांच्याबद्दल बोलतेय.

हिशेबाची_वही

जॉर्ज फॉस्टर यांचं मत इथे यायला हवं. मेक्सिकोतल्या त्सिन्त्सुन्त्सान गावात राहून त्यांनी १९६५ मध्ये मांडलं की शेतकरी समाजाला जगातलं सगळं चांगलं मोजकंच वाटतं. जमीन, पैसा, आरोग्य, इज्जत, मायासुद्धा. एकाला जास्त मिळालं म्हणजे दुसऱ्याचं कमी झालं. म्हणून लोक यश झाकतात, आणि झाकता आलं नाही तर सणावर उधळून टाकतात.

मी ३० वर्षं बँकेत शेतीकर्ज बघितलं. मला फॉस्टर यांचं निरीक्षण खरं वाटतं, पण दोष चुकीच्या जागी ठेवलेला वाटतो. गावात ४०० एकर जमीन असेल तर ती ४०० च राहते. भावाच्या विहिरीला पाणी लागलं की शेजारच्या विहिरीची पातळी खरोखर उतरते. हा कोणाच्या मनाचा भ्रम नाही. आणि मेडिकलच्या जागा? त्याही मोजक्याच आहेत, धागाकर्तीच्या घरात नेमकं तेच घडलंय. एकाचा नंबर लागतो तेव्हा दुसऱ्याचा हुकतो. जिथे गोष्ट मुळातच मोजकी आहे तिथे "मन मोठं करा" सांगून भागत नाही.

आणि सणावर उधळल्याने बरोबरी येते हेही सरसकट खरं नाही. मेक्सिकोतल्याच झिनाकांतान गावाचा फ्रँक कॅन्सियन यांनी हिशेब मांडला. देवाच्या सेवेचा वर्षभराचा मान घेणारा भरपूर खर्च करायचा, पण मोठे मान घेणारे श्रीमंत, आणि खर्च होऊनही श्रीमंतच राहणारे. वर प्रतिष्ठा मिळायची ती वेगळी. आपल्याकडचे मोठे भंडारे बघा. हजार पानं उठतात आणि फलकावर एकच नाव असतं.

गोधनी_लोकल

थोडं अवांतर. यंदा मारबतीसोबतचे बडगे (टीका करणारे पुतळे) कोणी पाहिले? नेहरू पुतळ्यापाशी काळी आणि पिवळी समोरासमोर आल्या तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती. बाबांनी मला खांद्यावर बसवून दाखवलं होतं, आज मी पोरीला दाखवलं. या मारबती १८८० च्या दशकापासून निघतात. काळीच्या पाठीमागे भोसल्यांच्या राणी बाकाबाईची, इंग्रजांना मिळाल्याची गोष्ट सांगतात. पिवळीला मात्र बायका पोरांना पायाशी नेतात, ती राखणारी. दोघींची शेवटी होळीच होते. पोरीने विचारलं, "चांगलीला पण का जाळतात?" मला उत्तर देता आलं नाही.

वैनगंगा

गोधनी_लोकल, मुलीचा प्रश्न जपून ठेवा.

मी गडचिरोलीची, नोकरीमुळे नागपुरात. इथे सगळे कलहारी आणि मेक्सिकोला जाऊन आले, म्हणून घरचं सांगते. भामरागडकडच्या माडिया आदिवासींमध्ये आणि पलीकडे बस्तरमध्ये पंडुम, म्हणजे सण, असतात. नवं फळ, नवं धान्य आलं की आधी गावाचा पंडुम, मग खाणं. मरका पंडुम होईपर्यंत आंब्याला कोणी तोंड लावत नाही, झाड स्वतःच्या अंगणातलं असलं तरी. पेरणीआधी विज्जा पंडुम, त्यात पारद, म्हणजे गावाने मिळून केलेली शिकार. लहानपणी मला ही सक्ती वाटायची. आंबा पिवळा होऊन समोर लटकतोय आणि गायता (गावचा पुजारी) तारीख ठरवत नाही! आता वाटतं, यात कोणीच "पहिला" होत नाही. ज्याचं झाड लवकर पिकतं आणि ज्याच्याकडे झाडच नाही, दोघांच्या तोंडात आंबा एकाच दिवशी. शिवाय कच्ची फळं तोडली जात नाहीत, कोय पडते, रान टिकतं.

पण एक विनंती. "आदिवासी म्हणजे समता" असं चित्र रंगवू नका. गोंडांचे राजे होते, चांद्याचे, देवगडचे. हे नागपूर वसवणारा बख्त बुलंद शाह गोंड राजाच. गावात भूमिया-गायत्याचं घराणं वेगळं मानतात, पुरुष आणि बाईचा मान सारखा नाही. आणि @निळी_पहाट म्हणतात तो चेटकाचा आरोप आमच्याकडेही बाईवरच येतो. माझ्या आईच्या मावशीला गाव सोडावं लागलं होतं. तिच्याकडे दोन म्हशी जास्त होत्या आणि नवरा नव्हता.

बरोबरी कष्टाने कशी राखतात ते बघायचं तर धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा बघा. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्यांची घोषणा सगळ्यांना माहीत आहे. त्यापाठची रीत कमी जणांना माहीत आहे. ग्रामसभेत मतदान नाही, सर्वसहमती लागते. एकाचा नकार असला तरी निर्णय थांबतो, पुन्हा बसायचं. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये त्यांना सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ पासून ते स्वतः बांबू विकू लागले. पैसा आला. पैसा आल्यावर गावं फुटतात हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. तिथे हिशेब सभेत सगळ्यांसमोर मांडला जातो. तासन् तास बसावं लागतं, कंटाळा येतो, लहान पोरं झोपून जातात. कुजबुजीला जागा उरू नये म्हणून इतका वेळ द्यावा लागतो.

भिशीवाली

वैनगंगाताई, आंब्याचं वाचून डोळे भरले.

आमची महालात १९ बायकांची भिशी आहे, १४ वर्षं चालू. चिठ्ठी काढायला दर महिन्याला कोणाचं तरी लहान मूल बसवतो. मागे एकीने सुचवलं, ज्याला गरज जास्त त्याला आधी देऊ. चार महिने करून बघितलं आणि भिशी मोडायला आली! कोणाची गरज मोठी यावरून जे बोलणं झालं ते परत नको. पुन्हा चिठ्ठ्या सुरू केल्या, सगळं शांत. चिठ्ठीवर रुसता येत नाही ना. हे तुमच्या शास्त्रात बसतं का?

शेकोटी

@भिशीवाली, अगदी बसतं. टांझानियातल्या हाड्झा लोकांवर जेम्स वुडबर्न यांनी १९८२ मध्ये लिहिलं आहे. पुरुष सालीच्या चकत्या झाडावर आपटून जुगार खेळत बसतात. डावावर लोखंडी पात्यांचे बाण, सुऱ्या, मणी. जगायला हवं ते धनुष्य मात्र लावत नाहीत. वस्तू एका हातात साचत नाहीत, फिरत राहतात आणि कोणाला कोणाचे उपकार मानावे लागत नाहीत. नशिबाने दिलं, नशिबाने नेलं. तुमची चिठ्ठी तेच करते. त्यात भर म्हणजे तुमच्याकडे प्रत्येकीचा नंबर नक्की येतो.

@निळी_पहाट, झडतीवरचा तुमचा प्रश्न मॅक्स ग्लकमन यांचाच. १९५० च्या दशकात त्यांनी आग्नेय आफ्रिकेतल्या विधींवर लिहिताना म्हटलं की राजाला शिव्या घालायचे सण राजपदाला धक्का देत नाहीत, उलट बळकट करतात. राग राजावर निघतो, गादी शाबूत राहते. व्हिक्टर टर्नर यांनी झांबियातल्या न्डेंबूंमध्ये पाहिलं ते याच्या जवळचं. होणाऱ्या मुखियाला आदल्या रात्री फाटक्या कपड्यात झोपडीत बसवतात. ज्याला वाटेल त्याने येऊन तोंडावर सुनवायचं, त्याने मान खाली घालून ऐकायचं आणि पुढे कधी डूख धरायचा नाही. आजोबा बैलापाशी उभे होते ते मला तसेच दिसले. फरक इतकाच की दुसऱ्या दिवशी ज्वारी पोचली. विधी गादी हलवत नसेल, पण हिशेब चुकता करायला लावू शकतो.

निळी_पहाट

ज्वारी पोचली हे मला मान्य आहे, आणि त्या घरासाठी ती मोठी गोष्ट होती.

पण गादी हलवणारा विधीही याच शहरात झालाय. १४ ऑक्टोबर १९५६. माझी आजी तेव्हा १६ वर्षांची, भंडाऱ्याकडून आली होती. दीक्षेला पांढरे कपडे घालायचे म्हणून तिच्या आईने दोन जुनी धोतरं जोडून पातळ शिवलं. ती सांगायची, त्या मैदानावर कोण मास्तर, कोण गिरणी कामगार, कोण भाकरीला महाग, काही कळत नव्हतं, सगळं पांढरं. बावीस प्रतिज्ञांमध्ये सर्व माणसं समान असल्याची प्रतिज्ञा आहे, ती लाखो लोकांनी उभं राहून एका आवाजात म्हटली. तिथे कोणाला खाली खेचलं नाही. सगळे एकदम उठले. आणि दुसऱ्या दिवशी सगळे आपापल्या पायरीवर परतलेही नाहीत. आजीने गावी जाऊन मेलेली ढोरं ओढायचं काम सोडायला लावलं, उपास पडले तरी.

टर्नर यांच्या पुस्तकात विधी संपतो आणि लोक जुन्या जागी जातात. इथे तसं झालं नाही, कारण सोबत शिक्षण होतं, संघटना होती, संविधान होतं. दर दसऱ्याला दीक्षाभूमीवर येणारे लोक परत जाताना पुस्तकं घेऊन जातात. मला वाटतं म्हणून टिकलं.

जुनी_झडती

निळी_पहाट, तुमचं उत्तर दोनदा वाचलं. तोरण पाटलाच्याच बैलाने तोडलं, अजूनही तोच तोडतो. पुढच्या पोळ्याला ग्रामसभेत हा विषय काढतो. चिठ्ठी टाकून ठरवू शकतो, भिशीसारखी.

तर्रीपोहे

हाव, आणि चिठ्ठी काढाले लहान पोट्टी बसवा!

गोधनी_लोकल

जुनी_झडती, काय झालं ते नक्की कळवा.

जागनाथची_सून

सगळ्यांचे आभार. काय केलं ते सांगते.

बाणाची गोष्ट मनात धरून मी पेढ्यांचा डबा घेऊन खाली गेले आणि पुतण्याला म्हटलं, वह्या तुझ्या, शिकवलंस तू, पेढे तूच वाट. मला वाटलं होतं त्याला बरं वाटेल. तो म्हणाला, "काकू, मी डबा घेऊन दारात उभा राहिलो की लोक आधी माझाच निकाल विचारतील." किती खरं होतं ते. एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. कलहारीत उद्या त्याचाही बाण लागणार असतो. इथे @हिशेबाची_वही म्हणतात तशा जागा मोजक्या आहेत आणि तो यंदा तिसऱ्यांदा बसणार की नाही हे त्यालाच ठरवता येत नाहीये.

मी डबा घेऊन परत फिरले तर जाऊबाई पदर खोचून बाहेर आली. म्हणाली, "नऊ दिवस मला परकी केलंस, त्याचं जास्त लागलं." मी माफी मागितली. तिने हातातला डबा घेतला आणि आम्ही दोघी मिळून गल्लीत फिरलो. प्रत्येक दारात तीच बोलली, "आमच्या घरी मेडिकलला नंबर लागला." मी मध्ये फक्त एवढंच म्हणायची की वह्या दादाच्या होत्या. तिसऱ्या घरानंतर तिने मला चिमटा काढला, "पुरे झालं वह्यांचं."

संध्याकाळी तिनेच मुलीला पाटावर बसवून मीठ-मोहरी ओवाळली. सासूबाई बघत होत्या, काही बोलल्या नाहीत. मुलगी "मोठी आई, धूर लागतोय" म्हणत होती. पुतण्या दारात उभा होता, आत आला नाही. रात्री मात्र त्याने राहिलेल्या दोन वह्या वर आणून दिल्या आणि म्हणाला की जीवशास्त्राच्या शेवटच्या पानांवर काही आकृत्या चुकल्या आहेत, त्या तिला दुरुस्त करायला सांग.